उत्तररंग : औरंगाबादचा मुलगा आणि नाशिकचं नाटकगृह

श्रोतेहो, आणि आता वाचकहो म्हणायला हवं. हे बोलणं जांब समर्थ येथे रामनवमीच्या उत्सवात झालं. तिथल्या एका तरुणाने ते आपल्या फोनवर टिपून घेतलं, लिहून काढलं, आणि मी त्यावरून हात फिरवला. कीर्तनात चाललेलं वाक्य कागदावर चालत नाही, म्हणून थोडं बांधून घेतलं आहे. तरी जिभेची सवय जात नाही. कुठं बोलल्यासारखं वाटलं तर तसंच वाचा.

पूर्वरंगात विवेकाचं निरूपण झालं. समर्थांच्या जन्मगावी उभं राहून विवेकावर बोलायचं म्हणजे गंगेच्या काठी पाणी विकण्यासारखं आहे, पण परंपरा आहे, बोलावं लागतं. नामगजर झाला, बुक्का लागला, गळ्यात हार पडला. उत्तररंगासाठी मी आख्यान घेतलं ते अनंत कान्हेऱ्याचं. तीस वर्षांहून अधिक काळ हे आख्यान मी लावतो आहे. परंतु यंदा ते वेगळं लावलं. का, ते मध्येच सांगेन. आधी मुलगा पाहा.

अनंत लक्ष्मण कान्हेरे. मूळचा कोकणातला, रत्नागिरी जिल्ह्यात खेडच्या बाजूचा. पोटापाण्यासाठी घरं उठून निजामाच्या मुलखात आली, त्यातलंच हे एक. प्राथमिक शिक्षण इंदूरला झालं. माळव्यातलं इंदूर नव्हे बरं का, तेलंगणातलं, ज्याला आज निजामाबाद म्हणतात. पुढे इंग्रजी शिकायला तो मामाकडे औरंगाबादला आला. आता आपल्या लोकांनी जरा कान द्यावा. इंदूरहून औरंगाबादला यायचं तर आगगाडी कोणती? तीच आपली, सिकंदराबाद-मनमाड. 1900 च्या सुमारास ती सुरू झाली. नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद, मनमाड. म्हणजे हे पोर आपल्या जालन्याच्या स्टेशनावरून गेलेलं आहे. आणि जालना तरी तेव्हा कुठं वेगळं होतं? 1 मे 1981 पर्यंत आपण औरंगाबाद जिल्ह्यातच होतो. कोणी विचारलं, महाराज, हा नाशिकचा इतिहास इथं कशाला, तर मी सांगतो, गोळी नाशिकला सुटली, पण मुलगा आपल्या जिल्ह्यातून गेला.

औरंगाबादला गंगाराम रूपचंद श्रॉफ नावाच्या मारवाडी गृहस्थाच्या घरी तो खोली घेऊन राहत असे. गंगारामाशी त्याची मैत्री झाली, आणि त्या मैत्रीतून नाशिकच्या गुप्त मंडळींशी ओळख. मुलगा हळवा होता. त्याने ‘मित्रप्रेम’ नावाची एक कादंबरी लिहिली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. गंगारामाने त्याच्या धैर्याची परीक्षा पाहिली, पेटत्या दिव्याच्या तापल्या काचेवर हात ठेवायला लावला आणि याने हात काढला नाही, अशी गोष्ट सांगणारे सांगतात. मीही ती साकीत बांधून सांगत असे. सभा अगदी स्तब्ध होते त्या जागी. आता मात्र ती सांगताना माझ्या मनात दुसराच प्रश्न येतो, की ज्याने काच पुढे केली तो मोठा होता ना? मग त्याने तरी हात ओढून घ्यावा की नाही?

नाशिकची गोष्ट पाहू. तिथे बाबाराव सावरकर होते, गणेश दामोदर. तिथेच कवी गोविंद, पायांनी अधू, पण त्यांच्या पदांनी गाव हलत असे. बाबारावांनी अशा पदांचं लहानसं पुस्तक छापलं. छापलेली पानं किती, तर बोटांवर मोजावी इतकी. त्यावरून राजद्रोहाचा खटला झाला आणि जून 1909 मध्ये त्यांना जन्मठेप, काळं पाणी, वर मालमत्ता जप्त. विचार करा, मायबाप. आपण रोज पदं म्हणतो, झांज वाजवतो, घरी जाऊन भाकरी खातो. त्या माणसाला पदं छापली म्हणून अंदमान.

ते प्रकरण वरच्या कोर्टाकडे ज्याच्या सहीने गेलं तो नाशिकचा कलेक्टर आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन. त्या काळचा कलेक्टर म्हणजे जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेटही तोच. पोलीस त्याच्या शब्दावर हलायचे. गावाला सरकारचा चेहरा दिसायचा तो त्याच्याच रूपाने.

आणि इथं माझं पाप सांगतो. तीस वर्षं मी जॅक्सन उभा करायचो तो रावणासारखा. मिशा पिळायचो, आवाज घोगरा काढायचो, मोडकं मराठी बोलायचो. लहान पोरं हसायची. मंडळी, जॅक्सनला मराठी उत्तम येत होतं. तो संस्कृताचा जाणकार होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरसाठी त्याने इतिहासाचं लेखन केलं. गावोगावच्या समजुती, व्रतं, ग्रामदैवतं, भुताखेतांच्या कथा त्याने गोळा केल्या होत्या, त्या त्याच्या मागे एन्थोव्हेन साहेबाने संपादून छापल्या, गुजरातच्या एका ग्रंथात आणि कोकणच्या दुसऱ्या. लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. मागल्या जन्मी आपण वैदिक ब्राह्मण होतो, असं तो म्हणे, अशी आख्यायिका आहे. मग हा माणूस चांगला होता का? अहो, संस्कृत जाणणाराच माणूस पदं छापणाऱ्याला काळ्या पाण्याच्या वाटेला लावतो! विद्या आणि दया एकाच पोटी जन्मतात असं कोणी सांगितलं? आपल्या पुराणातला रावण तरी कुठं अडाणी होता. पण जॅक्सनला मोडकं मराठी बोलायला लावणं ही माझी लबाडी होती. त्याला माणूस ठेवला असता तर आख्यान अवघड झालं असतं, म्हणून मी त्याला सोंग केलं.

नाशिकला त्याच्याविरुद्ध बेत शिजू लागला. कृष्णाजी गोपाळ कर्वे, मुंबईला वकिलीचा अभ्यास करणारे. विनायक नारायण देशपांडे, शिक्षक. दोघेही तरुणच. विनायकराव सावरकरांनी विलायतेहून चतुर्भुज अमीन नावाच्या माणसाबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती, त्यातली काही या मंडळींच्या हाती आली. तिकडे लंडनला 1 जुलै 1909 रोजी मदनलाल धिंग्राने कर्झन वायलीला गोळी घातली आणि 17 ऑगस्टला तो फाशी गेला. ती बातमी इथल्या तरुणांच्या काळजात रुतली होती. औरंगाबादच्या मुलाने सांगितलं, मी करतो. तो जॅक्सनला नीट ओळखून घ्यायला आधी कचेरीतही जाऊन आला.

आणि त्याने एक गोष्ट केली. स्वतःचा एक फोटो काढून घेतला. आपण परत येणार नाही हे त्याला कळत होतं, मागे आईवडिलांजवळ काही राहावं म्हणून. आज आपण दिवसातून दहा फोटो काढतो, पोरं तर आरतीच्या ताटासकट काढतात. त्या काळी फोटो काढणं म्हणजे फोटोवाल्याकडे जायचं, अंगात चांगला सदरा घालायचा, हलायचं नाही. सतरा-अठरा वर्षांचं लेकरू, समोर यंत्र, आणि मनात काय, तर हा आईसाठी. मी हे पूर्वी एका ओळीत उरकत असे, कारण पुढे कटाव यायचा होता. यंदा मी तिथे थांबलो. पेटीवाल्याला नुसता सूर धरायला सांगितलं.

जॅक्सनची बदली ठरली होती, बढतीवर मुंबईला. गावातल्या प्रतिष्ठितांनी निरोपाचा समारंभ ठेवला. साहेबाला मराठी नाटकाची आवड, म्हणून विजयानंद नाटकगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग. किर्लोस्कर मंडळी, बालगंधर्व तेव्हा याच मंडळीत होते. नाटक देवलांचं, म्हाताऱ्याशी लग्न लावायला निघालेल्या कोवळ्या मुलीचं. दिवस 21 डिसेंबर 1909. आत कान्हेरे. त्याचा नेम चुकला तर देशपांडे, देशपांडेही चुकले तर कर्वे, असे तिघे तयारीने बसलेले. साहेब आला, आपल्या जागेकडे जाऊ लागला, आणि या मुलाने उठून गोळ्या झाडल्या. जॅक्सन तिथेच कोसळला. कान्हेऱ्याला स्वतःलाही संपवायचं होतं, तेवढ्यात लोकांनी धरलं. त्याने पळायचा प्रयत्न केला नाही.

हाच तो कटाव. कटाव म्हणजे आमच्या कीर्तनातलं रणवाद्य. एका दमात म्हणायचा, श्वास घ्यायचा नाही, तबलजी हात मोकळा सोडतो, आणि गोळीच्या शब्दावर अशी थाप पडते की पाळण्यातलं मूल जागं होतं. मग मी दोन्ही हात वर करायचो. टाळ्या! तीस वर्षं टाळ्या. एकदा तर एका गावी फटाके लावले होते.

आता सांगतो ते कधी मोडलं. दोन वर्षांमागे जालना तालुक्यात एका सप्ताहात हेच आख्यान लावलं. जालन्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे, त्यातले काही जवान सुटीवर आले की कीर्तनाला बसतात. आरती झाली, लोक पाया पडून गेले. एक जवान मागे राहिला. साधारण पस्तिशीचा. म्हणाला, “महाराज, राग नका मानू. आज टाळी वाजवायला माझा हात उचलला नाही.”

मी म्हटलं, “का रे बाबा?”

म्हणाला, “तिकडं जंगलात बंदोबस्ताला होतो. माझा जोडीदार गेला, माझ्या शेजारी. झाडणारा नंतर दिसला तेव्हा त्याला धड मिसरूड फुटलेलं नव्हतं. त्यालाही कुणीतरी गोष्टच सांगितली असंल ना, महाराज?”

मी काय उत्तर देणार? गुरूंच्या घरी बारा वर्षं राहिलो, भागवत झालं, दासबोध पाठ, न्यायाची दोन प्रकरणं झाली. उत्तर सापडलं नाही. “तो काळ निराळा, हा निराळा,” असं काहीतरी पुटपुटलो. ते खोटं नाही. परकं सरकार, पदं छापल्याबद्दल काळं पाणी, दाद मागायला जागा नाही; आणि आज कितीही तक्रारी असोत, सरकार आपण निवडतो, हे मी कोणाही समोर सांगेन. कान्हेरे आणि ते जंगलातलं पोर यांना एका तागडीत घालायला मी तयार नाही. पण जवानाने मला कान्हेऱ्याबद्दल विचारलंच नव्हतं. त्याने विचारलं होतं गोष्ट सांगणाऱ्याबद्दल.

त्या रात्री मला चापेकरांची आठवण झाली. आमच्या धंद्यातल्या लोकांनी ही आठवण ठेवायला हवी. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिघे भाऊ कीर्तनकाराचे मुलगे. वडील हरिपंत चापेकर कीर्तनं करत, आणि साथीला पैसे देऊन माणसं ठेवणं परवडेना म्हणून पोरंच वाद्यं शिकून साथ करीत. 22 जून 1897 ला पुण्यात रँडवर गोळी झाडली ती दामोदराने. 18 एप्रिल 1898 ला तो फाशी गेला. त्याला पकडून देणाऱ्या द्रविड बंधूंना 8 फेब्रुवारी 1899 ला धाकट्या वासुदेवाने आणि महादेव रानड्याने मारलं. वासुदेव तेव्हा विशीच्या आतला. त्याने पोलीस चौकशीत एका जमादारावरही पिस्तूल झाडलं, तो वाचला. मग त्या मे महिन्यात वासुदेव, रानडे, बाळकृष्ण, एकामागून एक, चार-पाच दिवसांत तिघे फासावर. त्यांच्याबरोबरचा खंडो साठे तर शाळकरी पोरगा, त्याला दहा वर्षं सक्तमजुरी. त्या घरात झांज वाजत होती, मंडळी. माझ्या घरात वाजते तीच झांज. तीन मुलगे गेल्यावर हरिपंतांनी चिपळ्या हातात धरल्या असतील तेव्हा काय झालं असेल, यावर कोणी आख्यान लावलेलं मी ऐकलं नाही. मीही लावलं नाही.

तर पुन्हा नाशिकला चला. माझं जुनं आख्यान गोळीपाशी संपायचं. फाशीचा एक श्लोक, भारतमातेचा जयजयकार, आरती. परंतु इतिहास तिथं सुरू होतो.

धरपकड झाली. पोलिसांच्या हाती सापडलेल्यांच्या जबान्यांतून नावांमागून नावं निघाली. घरोघर झडत्या. मुंबईच्या हायकोर्टात तीन न्यायमूर्तींपुढे खटला चालला, त्यात मुख्य न्यायमूर्ती बेसिल स्कॉट आणि आपले नारायणराव चंदावरकर होते, प्रार्थनासमाजातले, संतांच्या अभंगांवर प्रेम करणारे. तुकोबांचे अभंग जिभेवर असलेल्या माणसाला त्या पोराच्या फाशीवर सही करावी लागली. 29 मार्च 1910 ला निकाल. कान्हेरे, कर्वे, देशपांडे तिघांना फाशी. गोळी एकाने झाडली, दोर तिघांना. इतरांना काळं पाणी आणि कैद.

19 एप्रिल 1910, ठाण्याचा तुरुंग, सकाळची वेळ. तिघेही गेले. प्रेतं नातेवाइकांना दिली नाहीत. खाडीकाठी सरकारनेच जाळली आणि राखही पाण्यात सोडली, कोणी कपाळाला लावू नये म्हणून. आपल्याकडे सावडणं असतं, दहावा असतो, कावळा शिवायची वाट पाहतात. त्या घरांना त्यातलं काही नाही. औरंगाबादच्या मुलाच्या आईकडे राहिला तो फोटो.

पिस्तुलाचा माग काढत सरकार लंडनला पोचलं. पिस्तुलं आणणारा चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला. विनायकराव सावरकरांना 13 मार्च 1910 ला लंडनमध्ये पकडलं. मार्सेलिसच्या समुद्रातली उडी तुम्ही ऐकलेली आहे, ती 8 जुलैची. नाशिक कटाच्या खटल्यात अडतीस आरोपी उभे राहिले. 24 डिसेंबर 1910 ला सावरकरांना जन्मठेप, आणि जॅक्सनच्या खुनाला साह्य केल्याबद्दल जानेवारी 1911 मध्ये दुसरी. दोन मिळून पन्नास वर्षं. थोरला भाऊ आधीच अंदमानात होता. दोघा भावांच्या बायका, येसूवहिनी आणि माई, बाहेर राहिल्या. येसूवहिनींना पुन्हा नवऱ्याचं दर्शन झालं नाही, त्या 1919 साली गेल्या. कटावात अशा बाईला जागा नसते. ओवी लागते.

नाशिकच्या पाठोपाठ महिन्याभरात, 24 जानेवारी 1910 ला, कलकत्त्याच्या हायकोर्टात शमसुल आलम नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला वीरेंद्रनाथ दत्तगुप्ताने गोळी घातली. तोही विशीच्या आतबाहेरचा, तोही फाशी. फेब्रुवारीत सरकारने छापखान्यांवर नवा कायदा आणला. छापखाना काढायचा तर तारण ठेवा, सरकारला रुचलं नाही की ते बुडालं. पदं छापली म्हणून जे सुरू झालं, ते छापणंच बांधून टाकण्यावर आलं. त्याने पुढे स्वराज्य लवकर आलं की उशिरा, हा हिशेब पंडितांनी करावा. कान्हेऱ्याच्या धैर्याला मी नमस्कार करतो, मनापासून करतो, नाशिकच्या मोठ्या मैदानाला त्याचं नाव आहे ते योग्यच आहे. पण मी त्याच्या धैर्यावर तीस वर्षं टाळ्या घेतल्या, आणि त्याच्या आईचा फोटो एका ओळीत गुंडाळला, हेही खरं.

यंदा जांबला आख्यान लागायच्या आधी मी तबलजीला बाजूला घेतलं. म्हटलं, गोळीच्या शब्दावर थाप नको. तो माझ्याबरोबर वीस वर्षं आहे, बोट उचललं की कळतं त्याला. म्हणाला, “बुवा, मग लोकांना कळणार कसं, टाळी कुठं वाजवायची?”

मी म्हटलं, “नको कळू दे.”

कटाव मी म्हटला. सोडला नाही, गुरूंनी दिलेला आहे. गोळीचा शब्द आला, तबला गप्प राहिला. मांडवात नुसता पंख्यांचा आवाज. पुढच्या रांगेत अकरावी-बारावीची पोरं बसली होती, टाळीसाठी हात वर आलेले, ते तसेच राहिले. मागे, खांबाला टेकून, तो जवान होता. मी त्याला बोलावलं नव्हतं. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत तो पुढे आला, बुक्का लावून घेतला, आणि हळूच विचारलं, “महाराज, त्या लेकराचा तो फोटो कुठं पाहायला मिळंल?”